पंख्याचं सुरुवातीचं टोक

त्या दिवशी आई सकाळपासून जेवणाच्या टेबलावर पंख्याचं पोट उघडून बसली होती. तिच्याशी कुणी बोलायचं नाही असा हुकूम होता, कारण ती वेढे मोजत होती.

"तीनशे बारा, तीनशे तेरा..."

"अगं, चहा टाकू का?" बाबांनी दारातून विचारलं.

आईचा हात थांबला. "टाका. आता काय, पुन्हा एकपासूनच मोजायचंय."

पंखा टेबलावरचा, लहानसा, जुना. दोन वर्षं तो बटण दाबलं की नुसता गुणगुणायचा. बाबांनी पेन्सिलीने पात्याला ढोसलं की मग फिरायचा. मुलीचं निदान होतं की कॅपॅसिटर गेला. तिने तसं वाचलं होतं. आईने मोटार हुंगून सांगितलं, वाइंडिंग जळलंय. मुलीने हट्टाने नवा कॅपॅसिटर आणून बसवला. पंखा पूर्वीपेक्षा जरा गोड गुणगुणला, इतकंच. तेव्हाही 'तुझं बरोबर होतं' हे तीन शब्द तिच्या तोंडून निघाले नाहीत. "दुकानदाराने खराब माल गळ्यात मारला," म्हणून तिने हात झटकले. हे तिचं लहानपणापासूनचं. घरात तिच्या पुस्तकांची चार कपाटं होती, पण हार मानायला एक कप्पा रिकामा नव्हता.

आईने मग जळकी तार काढून नवी गुंडाळायला घेतली. शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून तिने तीस वर्षं काढली होती. बिघडलेली वस्तू तिला आगाऊ विद्यार्थ्यासारखी वाटायची, ओरडून नाही, शेजारी बसून सुधारायची.

दुपारी शेवटचं वेटोळं खाचेत बसलं. वाइंडिंगं दोन होती. एक पंखा फिरता ठेवणारं, दुसरं कॅपॅसिटरच्या मदतीने पहिला धक्का देणारं, म्हणजे बाबांची पेन्सिलच. त्या धक्क्याच्या वाइंडिंगची दोन टोकं आईने मुलीच्या हातात दिली.

"डावीकडचं सुरुवातीचं, उजवीकडचं शेवटचं. चिठ्ठ्या बांध."

"राहील लक्षात."

"लिही, बाई."

"आई, दोन तर टोकं आहेत."

"दोन आहेत म्हणूनच सांगते. दहा असती तर घाबरून लिहिलं असतंस."

मुलीने दुसऱ्या हाताने कादंबरीचं पान उलटलं. चिठ्ठी नसलेली बाटली म्हणजे अफवा, असं आई प्रयोगशाळेत सगळ्यांना सुनावायची. घरी तिने तेवढंही म्हटलं नाही. "बरं विदुषी, उद्या जोडू," म्हणत तिने मोटार टॉवेलात गुंडाळून कपाटावर ठेवली. टेबल जेवणासाठी हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आई उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्यांना कळलंही नसेल.

माणसं आली, बसली, गेली. एका मावशीने कपाटावरचं गाठोडं उघडून विचारलं, "हे भंगारात द्यायचं ना?"

"पंखा आहे तो," बाबा म्हणाले.

मावशीने गाठोड्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि टॉवेल परत बांधला.

महिन्याभराने एका दुपारी बाबा म्हणाले, "आपला पंखा तेवढा..." आणि वाक्य सोडून दिलं. मुलीने कोपऱ्यावरच्या मेकॅनिकचं नाव काढताच मात्र त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तिच्या कामाला परका हात नको. करायचा तर तू कर."

मुलीने टॉवेल सोडला. दोन टोकं जुळ्या बहिणींसारखी सारखी, आणि गाठोड्यात डावं-उजवं केव्हाच विरघळून गेलेलं. कादंबरीचं पान तिला आठवत होतं, एकशे सत्तेचाळीस. टोक आठवत नव्हतं.

बाबा पायात रबरी चपला घालून, हातात कोरडी काठी घेऊन मेन स्विचपाशी लाकडी स्टुलावर उभे राहिले.

"करंट बसला की ओरड."

"करंट बसला तर ओरडता येत नाही, बाबा."

"मग आधीच ओरड."

तिने अंदाजपंचे टोकं जोडली, चिकटपट्टी गुंडाळली, पाती बसवली आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. पेन्सिलीशिवाय. बाबा स्टुलावरून उतरून पंख्यासमोरच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटले. "वा. तिच्या हातचा वारा."

पंख्यामागे भिंतीवर कॅलेंडर फडफडत होतं. मुलीने पंख्यापुढे हात धरला. काहीच नाही.

"बाबा, हा उलटा फिरतोय. वारा सगळा भिंतीला."

"असू दे. भिंतीलाही उकडतं."

"पण तुम्हाला लागतोय का?"

"जरा लाजरा आहे," बाबा म्हणाले. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब लोंबत होता.

तारच खराब असेल, हे तिच्या अगदी ओठावर आलं. पण तार आईने मोजून गुंडाळली होती, एकदा नाही, दोनदा. या वेळी नाव घ्यायला दुकानदार नव्हता.

तिने पंख्याची पिन काढली. बटण बंद केलं तरी कॅपॅसिटरमध्ये थोडी वीज उरते, आधी ती काढायची, हे आईनेच शिकवलेलं. म्हणून स्क्रूड्रायव्हर त्याच्या दोन्ही टोकांना टेकवला. काही झालं नाही. बाबा मात्र काठीसकट दचकले. मग पहिला धक्का सुलट बसावा म्हणून तिने वाइंडिंगच्या दोन टोकांची अदलाबदल केली. पण पट्टी गुंडाळण्याआधी कागदाचे दोन तुकडे फाडले, एकावर 'सुरुवात' लिहिलं, दुसऱ्यावर 'शेवट', आणि दोऱ्याने बांधले.

बटण दाबलं, तसं बाबांच्या मांडीवरचं वर्तमानपत्र उडून दारापर्यंत गेलं. बाबा ते आणायला उठले नाहीत. त्यांचे पांढरे केस कपाळावरून मागे गेले होते.

मुलगी पंख्याकडे बघत पुटपुटली.

"काय म्हणालीस?" बाबांनी डोळे न उघडता विचारलं. "मोठ्याने बोल. पंखा चालू आहे."

ती आईच्या खुर्चीकडे वळली आणि वर्गात उभं राहून धडा वाचावा तितक्या स्पष्ट आवाजात म्हणाली, "आई, तुझं बरोबर होतं. मी लिहायला हवं होतं."