माझ्यात लपलेली लेकरं

मित्रांनो, नाक मुरडू नका. दमट हवेत माझ्या अंगाला अजून मेंढीचा वास सुटतो, हे मला ठाऊक आहे. तुमच्या फुलाफुलांच्या मऊ ब्लँकेटांपुढे मी अगदीच राठ. मी एक जुनी घोंगडी आहे. रंगाने काळी, एका कोपऱ्यात उंदराने कुरतडलेली, पण वीण अजून घट्ट. आटपाडीच्या पुढे माळावर तानुबाईचं घर आहे, तिथे मी राहते.

माझा जन्म पस्तीसेक वर्षांपूर्वीचा. तात्याबाच्या कळपातल्या काळ्या मेंढरांची लोकर कातरली, तानुबाईने ती पिंजून चरख्यावर सूत काढलं. ती तेव्हा नवी नवरी होती, जेमतेम सतरा वर्षांची. शेजारच्या गावच्या सणगराने मला मागावर विणलं आणि चिंचोक्यांची खळ पाजून उन्हात ताणून वाळवलं. त्या खळीचा ताठा माझ्या अंगात पुढे दोन-तीन वर्षं होता. कोणी घडी घालायला गेलं की मी उभीच राहायची!

तात्याबा मला खांद्यावर टाकून रानोमाळ हिंडला. दिवाळी सरली की कळप घेऊन आम्ही कृष्णाकाठाला, कुंडलच्या बाजूला उतरायचो. तिथले शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घेत. वाटेत एखादी मेंढी व्याली, तर तात्याबा ते ओलं कोकरू माझ्यात गुंडाळून उराशी धरायचा. त्याचे हात किती हलके होते म्हणून सांगू! कोकराच्या नाकातला चिकटा तो बोटाने इतक्या जपून काढायचा की मला त्याचा अभिमान वाटायचा.

आणि तेच हात तानुबाईवर उठायचे.

कारण काहीही पुरायचं. एखादी शेळी चुकली, विहिरीवर ती कोणाशी दोन शब्द बोलली, भाकरीला उशीर झाला. बाजाराच्या दिवशी तो पिऊन आला, की कारणाचीही गरज नसे. 'माझा बा बी असाच हुता,' असं तो सांगायचा, जणू रानाबरोबर हेही त्याच्या वाट्याला आलं होतं. हे फक्त आमच्या पालावर घडतं असं मात्र समजू नका. कुंडलला एका बंगल्याच्या मागच्या रानात आमची मेंढरं बसली होती. मोठा बंगला, दारात दोन ट्रॅक्टर. त्या बंगल्यातूनही भर दुपारी तसलाच आवाज आला होता. तानुबाईने चूल फुंकता फुंकता मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

त्यांचा मुलगा धनाजी पाच-सहा वर्षांचा असेल. बापाचा आवाज चढला की तो धावत यायचा, मला डोक्यावरून ओढून घ्यायचा आणि आत गोळा होऊन बसायचा. त्याचं काळीज माझ्या लोकरीवर धडधडत असे. सगळं शांत झालं की तानुबाई माझा कोपरा उचलून म्हणायची, "भिऊ नगं माज्या सोन्या. काय बी न्हाई झालं. बा जरा चिडला हुता." तिचा गाल सुजलेला असायचा, पण आवाज मधासारखा. मला वाटायचं, किती शहाणी आई आहे ही! लेकराला कशी छान समजावते.

मित्रांनो, मी चुकत होते. ती बिचारीही चुकत होती.

आमच्यात एक रीत आहे. भांडण मिटवायचं असलं की घोंगडी अंथरायची आणि तिच्यावर भंडाऱ्याचं ताट ठेवायचं. भंडारा म्हणजे देवाची हळद. तो उचलून दिलेला शब्द मोडायचा नसतो. एकदा तात्याबाच्या मारात तानुबाईचं मनगट मोडलं, तेव्हा ती माहेरी निघून गेली. आठ दिवसांनी भाऊ तिला परत घेऊन आला. मला अंगणात अंथरलं. भावकीतली चार माणसं माझ्यावर बसली. बराच वेळ बोलणं झालं आणि निवाडा असा झाला, की तात्याबाने बिरोबाला नारळ द्यावा, आणि तानुबाईने भंडारा उचलून शपथ घ्यावी की पुन्हा न विचारता माहेरी जाणार नाही. तिने डाव्या हाताने भंडारा उचलला, कारण उजवा गळ्यात बांधलेला होता. धनाजी बापाच्या मांडीवर बसून हे सारं टकामका पाहत होता. न्याय माझ्यावर बसून होतो याचा मला केवढा तोरा! पण त्या दिवसाची आठवण झाली, की मला आजही लाज वाटते.

वर्षं गेली. माळावर पाणी आलं, डाळिंबाच्या बागा झाल्या, मेंढरं विकली गेली. तात्याबा आजारपणात गेला. शेवटच्या दिवसांत तानुबाईनेच त्याचं सगळं केलं. धनाजी परमुलखात गलाईच्या दुकानात सोनं गाळायच्या कामाला लागला. त्याने येताना दोन गुबगुबीत ब्लँकेटं आणली आणि माझी रवानगी ओसरीतल्या दोरीवर झाली. कोंबड्या माझ्यावर चढून बसत. मी रुसले होते, खोटं कशाला सांगू?

मग सोनिया या घरात सून म्हणून आली. हसरी, चटपटीत पोरगी. धनाजी सुट्टीवर आला की तिला मोटारसायकलवरून यात्रेला न्यायचा, तिच्यासाठी पेरू कापून मीठ-मिरची लावून ठेवायचा. त्यांना प्रांजल झाली, तेव्हा तो बाळाकडे बघत रडला होता. पुढचं ऐकून तुम्ही त्याला राक्षस समजाल, म्हणून हे आधीच सांगते. तो राक्षस नव्हता.

परमुलखातलं दुकान बंद पडलं आणि धनाजी घरी आला. नवं काम मिळेना. सोनिया तोवर गावची आशाताई झाली होती. गरोदर बायकांची नोंद ठेवायची, लेकरांना लशीसाठी बोलवायचं, कोणाला कळा सुटल्या की गाडी मागवायची. तिचा फोन सारखा वाजायचा. कोणाचा नवरा, कोणाचा सासरा, कधी डॉक्टर. धनाजी आधी नुसता बघायचा. मग विचारायला लागला, "कुणाचा हुता?" मग तिचा फोन हातात घेऊन नंबर तपासायला लागला. स्टँडवरच्या मित्रांनी तेल ओतलं. "काय गड्या, वहिनी ड्युटीवर, तू चुलीवर?" असं म्हणून ते हसायचे, आणि ते हसणं गिळायला धनाजी त्यांच्याबरोबरच प्यायला बसायचा. त्यातल्या एकालाही 'चल, बागेवर काम बघूया' म्हणायचं सुचलं नाही.

पहिली थोबाडीत बसली, तेव्हा सोनिया ओसरीत येऊन माझ्याजवळ उभी राहिली. तानुबाई मागोमाग आली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "ऐकून घे पोरी. काम न्हाई म्हनून डोकं फिरलंय त्याचं. पुरुषाचा हात हाय, उटतो कदीमदी. आमी न्हाई का सोसलं?"

"आत्ती," सोनिया म्हणाली, "तुमी सोसलं म्हनून थांबलं का ते?"

तानुबाई उगाच कोंबड्या हाकलायला लागली.

त्यानंतर महिनाभरात ती दुपार आली. धनाजी पिऊन आला होता. सोनिया रजिस्टर लिहीत बसली होती आणि फोन वाजला. पलीकडून एका पुरुषाचा घाबरा आवाज आला. त्याच्या बायकोला कळा सुटल्या होत्या. सोनिया "आलेच दादा" म्हणाली आणि उठली. तिने एवढंच केलं. धनाजीने फोन हिसकावून भिंतीवर फेकला आणि तिला केसाला धरून खाली पाडलं.

प्रांजल सहा वर्षांची आहे. ती धावत ओसरीत आली, उड्या मारून मला दोरीवरून ओढलं आणि कोपऱ्यात माझ्याखाली गोळा होऊन बसली. तिचं काळीज माझ्या लोकरीवर धडधडायला लागलं. मित्रांनो, मला बोलता येत असतं, तर त्या दिवशी मी किंचाळले असते.

परड्यातून तानुबाई धावत आली. तिने आधी लेकाला दंडाला धरून बाहेर ढकललं. मग सुनेला उठवलं. मग तिला ओसरीत मी दिसले, आणि माझ्याखाली हलणारा तो गोळा दिसला. तिने माझा कोपरा उचलला. तोंडाशी आलेले शब्द मला पाठ होते. 'काय बी न्हाई झालं.' पण ते तिच्या तोंडून निघेनात. ती माझ्यावरच मटकन बसली आणि नातीला कुशीत घेऊन रडली.

सोनियाने विस्कटलेल्या केसांची पुन्हा वेणी घातली, शेजारणीच्या फोनवरून गाडी मागवली आणि ती बाळंतिणीच्या घरी गेली. मुलगा झाला म्हणे. परत येऊन तिने पिशवी भरली.

सकाळी तानुबाईने मला झटकून अंगणात अंथरलं आणि ताटात भंडारा ठेवला. अर्जुनाआप्पांना बोलावणं गेलं. हे तात्याबाचे चुलतभाऊ. जुन्या निवाड्यातल्या चौघांपैकी तेवढेच उरलेत. शेजारच्या बायकाही आल्या. ताट पाहून सोनियाचा चेहरा उतरला. आता आपल्याला शपथ घालणार, असं तिला वाटलं. धनाजीलाही तेच वाटलं असावं, कारण तो येऊन ऐटीत मांडी घालून बसला. मला तर अंग चोरून घ्यावंसं वाटत होतं.

आप्पांनी खाकरून सुरुवात केली, "सूनबाई, भंडारा उचल, आन्—"

"थांबा आप्पा," तानुबाई म्हणाली. "ताट तिच्यापुढं जायाचं न्हाई." तिने बाही मागे सारून आपलं वाकडं राहिलेलं मनगट पुढे केलं. "ह्यो हात मोडला, तवा तुमी मलाच शपत घातली. आठवतंय न्हवं?"

आप्पांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

ती लेकाकडे वळली. "धना, तू ह्याच घोंगडीत लपायचास. आन् मी तुला सांगायची, काय न्हाई झालं. खोटं बोलत हुते मी. लय मोटी चूक केली. तवाच सांगाया पायजे हुतं, का तुज्या बानं केलं ते वंगाळ हाय. तू कवा तसं करू नगंस. न्हाई सांगितलं रं मी." तिने माझ्यावर हात ठेवला. "काल तुजी लेक लपली हुती हितं. उद्या तिचा हात मोडला, तर तिला बी शपत घालायची व्हय?"

धनाजीची मांडी सुटली. तो खाली मान घालून ताटाकडे सरकला. "आये, उचलतो मी. पुन्हा हात लावनार न्हाई."

"नुसता भंडारा उचलून भागायचं न्हाई," सोनिया म्हणाली. "आवं, दारू उतरली की तुमी असंच म्हनता. मी प्रांजलला घेऊन माहेरी चाललेय. तुमी तालुक्याच्या समुपदेशन केंद्रात जायाचं, दारू सोडायची. मला खरं वाटंल तवा यीन. परत हात उचललात, तर एकशे एक्क्याऐंशीला, बायकांच्या मदतीच्या नंबरला, फोन लावनार. गावातल्या बायकांना त्यो नंबर मीच लिहून देते. माज्यासाटी कवा लावला न्हाई, ही माजी चूक."

सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. म्हाताऱ्याने दाढी खाजवली. "पोरीचं बरोबर हाय," तो शेवटी म्हणाला. "आमीच तवा चुकलो." आणि तोच उठून सोनियाला एसटी स्टँडपर्यंत सोडायला गेला.

पुढचे सहा महिने घर ओकंबोकं होतं. धनाजी दर मंगळवारी केंद्रात जायचा. मध्ये दोनदा परत प्यालाही, तेव्हा तानुबाईने त्याला घरात घेतलं नाही. मग बागेवर छाटणीचं काम धरलं. स्टँडवर बसणं सुटलं. सोनिया मधूनमधून यायची, बोलायची, परत जायची. शेवटी एका रविवारी ती पिशवी घेऊन राहायला आली. आजही ती दार आणि आपल्यामध्ये कोणाला येऊ देत नाही. असली भीती सहा महिन्यांत जात नसते.

त्या रविवारी तानुबाईने मला उन्हात टाकलं होतं. प्रांजल माझ्यावर चिंचोके मांडून खेळत होती. धनाजी आला आणि थोडा लांब, जमिनीवरच बसला.

"प्रांजल," तो म्हणाला, "मी तुज्या आईला मारलं. ती माजी चूक हुती. आईची न्हाई, फोनची न्हाई, तुजी तर न्हाईच."

प्रांजलने चिंचोका हातात तसाच धरून त्याच्याकडे पाहिलं. "परत मारनार?"

"न्हाई."

तिने जरा विचार केला. "मी बघीन," ती म्हणाली, आणि पुन्हा चिंचोके मांडायला लागली.

धनाजी रडला. पण ती उठून त्याच्याजवळ गेली नाही, आणि त्याने तिला बोलावलंही नाही. मला ते दोघांचंही बरोबर वाटलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूने जाता जाता मागायचं असतं, की मला जपा, ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. मला तसलं काही नको. लागू दे कसर. पण तुमच्या घरात किंवा शेजारी असा आवाज आला, तर कान झाकून बसू नका. बाईंना सांगा, मावशीला सांगा, ज्याला सांगावंसं वाटेल त्याला सांगा. एकाने ऐकलं नाही, तर दुसऱ्याला सांगा. आणि 'काय न्हाई झालं' असं कोणी म्हणालं, तर खरं मानू नका. मला थंडीसाठी विणलं आहे. थंडी वाजली, तरच माझ्यात या.