उलट्या तोंडाचा टर्की

"कोंबडाच म्हणा ना सरळ. म्हणे टर्की."

चंपा आपली नाकातल्या नाकात पुटपुटली. पण काळाचौकीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत तेवढंही चौघांना ऐकू जातं. तिचा मुलगा स्वप्नील पलंगावरून मान न उचलता म्हणाला की टर्किश टॉवेल जिथून येतो तिथलाच कोंबडा असणार. त्याच्या बायकोने, दर्शनाने, शाळेचा मेसेज पुन्हा वाचून दाखवला. अमेरिकेत थँक्सगिव्हिंग नावाचा सण असतो, त्यातला हा पक्षी. दुसरीच्या मुलांनी कागदावर पंजा ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची. अंगठा म्हणजे पक्ष्याचं डोकं, चार बोटं म्हणजे पिसं. ज्याला थँक्यू म्हणायचं त्याचं नाव पिसावर लिहायचं आणि कापून उद्या आणायचं.

आभार हा प्रकार चंपाला मंडळाच्या कार्यक्रमातला ठाऊक होता. लोक खुर्च्या सोडायला लागले की माइकवरून मानतात तो. घरच्या माणसाला कोण थँक्यू म्हणतं? पण कागद आणि कात्री हे शब्द कानावर पडले आणि तिने पदर खोचला. चाळीच्या गणपतीचं मखर एकतीस वर्षं तिच्या हातचं होतं. घोटीव कागदाची आठपदरी घडी घालून ती कात्री अशी फिरवायची, की उलगडल्यावर जाईची जाळी उमलायची. तिची पितळी मुठीची कात्री पत्र्याच्या डब्यात असे आणि त्या डब्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. ती कात्री आपल्यामागे कुणाकडे जाणार, या विचाराने मात्र हल्ली तिची दुपारची झोप उडाली होती. नजर होती सात वर्षांच्या नातीवर, अपूर्वावर. पोरीची बोटं लांबसडक, डोळा तीक्ष्ण.

अडचण एकच होती. पोर सगळं डाव्या हाताने करायची. डावखुरी हा शब्द त्या घरात कुणी काढत नसे. "होईल सवय" एवढंच म्हणायचे. देवाच्या कामाला डावा हात लागायचा नाही, हा चंपाचा नियम आणि मखर म्हणजे तर देवाचंच काम.

अपूर्वाने डाव्या हातात पेन्सिल धरली आणि उजव्या पंजाभोवती एका दमात फिरवली. पक्षी झाला झक्क. फक्त मॅडमने मेसेजसोबत पाठवलेल्या फोटोतला उजवीकडे बघत होता, हिचा डावीकडे.

"उलटा झाला गो," चंपा म्हणाली. "डावा पंजा ठेव, उजव्याने काढ."

अपूर्वाने काढला. तो पक्षी आधीच सोलून ठेवल्यासारखा दिसत होता. स्वप्नीलने पहिल्याच्या बाजूने मत दिलं, चंपानेही शेवटी मान हलवली. अपूर्वाने तीन पिसांवर आई, पप्पा, आजी अशी नावं लिहिली. चौथं कोरंच राहिलं. मग डबा उघडला. चंपाने कात्री नातीच्या उजव्या हातात दिली, तर ती कागद कापायच्या ऐवजी कुरतडायला लागली. चहा टाकते म्हणत चंपा ओट्याकडे वळली. हिच्या हातात ती कला नाही, असं तिच्या मनात आलं.

कप घेऊन ती वळली तेव्हा कात्री दर्शनाकडे होती. डाव्या हातात. "अंगठा आत ओढायचा, मग पातं कागद सोडत नाही," असं ती लेकीच्या कानाशी सांगत होती. पहिलं पीस कापून झालं होतं. कड अशी, की वस्तऱ्याने घेतलेली.

चंपाने ती कड ओळखली. यंदाच्या भाद्रपदात तिला ऐन वेळी ताप भरला होता आणि मखराची झालर अर्धी राहिली होती. उठून बघते तर पुरी झालेली. पुढच्या अर्ध्याची सगळी वळणं उलट्या बाजूला कललेली, पण इतकी देखणी की यंदा चंपाकाकींनी काय नवीन काढलंय म्हणत मंडळवाले बघत राहिले. तापात हात वेगळा चालला, असं ती म्हणाली होती. तेव्हा स्वप्नील भिंतीकडे बघत होता आणि दर्शना घासलेली भांडी परत घासत होती.

दर्शनाने मान वर केली, सासू दिसली आणि कात्री तिने चटकन उजव्या हातात घेतली. कच्चकन आवाज झाला. आजीचं पीस खाली पडलं.

"गेली आजी," स्वप्नील म्हणाला. कुणी हसलं नाही. मग त्यानेच घाईघाईने सांगितलं की कागदच पातळ आहे.

"आई," अपूर्वाने विचारलं, "तू हात का बदललास?"

दर्शना टेबलावरचे कागदाचे तुकडे गोळा करायला लागली. चंपाने कप ठेवला. पडलेलं पीस उचललं, मागून कागदाची पट्टी लावून गोंदाने जागेवर बसवलं, अंगठ्याने दाबून धरलं. मग सुनेच्या उजव्या हातातून कात्री काढून घेतली आणि डाव्या हातात ठेवली.

"यंदाची झालर तुझ्या आईने कापली," ती नातीला म्हणाली. "देवाने हात नाय बघितला, मीच बघत बसले. डावखुरी आहे ती. आणि चेडवा, तू पण."