नदीकाठचा अर्धा इंच

माझी बायको तुंगा गेल्याचं मला बुधवारी दुपारी कळलं. म्हैसुरात जयलक्ष्मीपुरमच्या माझ्या शिंपीकामाच्या दुकानात मी बाही कापत होतो. सरगूरच्या पोलिसांनी फोनवर आधी विचारलं, खाकी कागदावर हातानं काढलेला नकाशा तुमच्या घरचा का. मी हो म्हटलं. मग त्यांनी बाकीचं सांगितलं: ती नदीत बुडाली होती.

सरगूरला नदीकाठी तिच्या पणजोबांची शिंप्यांची गल्ली होती. एका पुरानंतर सगळे म्हैसूरला आले. ती जागा तिला बघायची होती. जुन्या नकाशाची प्रत तिनं सर्वे ऑफिसातून मिळवली. रेघा फार बारीक, म्हणून मी चौकटी आखून तो पॅटर्नच्या कागदावर मोठा करून दिला. एका इंचाला चाळीस फूट. विहीर, गल्ली. नदीची रेघ न काढता तिच्या कडेनं कागदच कापला; कागद संपतो तिथे पाणी, आणि घडीही लहान होईल.

पंधराव्या दिवशी तिचा धाकटा भाऊ चिदंबर म्हणाला, "चला भावोजी, अक्का कुठे गेली ते बघून येऊ."

मला जायचं नव्हतं. कापताना शिवणीसाठी अर्धा इंच जास्त सोडायचा, असा माझा हात चाळीस वर्षं चालतोय. तो कागद कापताना कसा चालला, ते आठवत नव्हतं. रात्रंदिवस तेवढंच डोक्यात होतं.

विहीर अजून आहे. पोलिसांना तिची पिशवी तिथेच मिळाली. त्यांनी परत दिलेल्या माझ्या कागदावर विहिरीपासून नदीची कड तीन इंच, म्हणजे एकशे वीस फूट. मी शंभर फुटी टेप काढली.

"टेप कशाला? सुम्ने, नुसतंच चालत जाऊ."

"धर तू."

"अय्यो, नदीला झंपर शिवताय का?" तो हसला.

पुढे सगळं हिरवं होतं. गवत कुठे संपतं आणि जलपर्णी कुठे लागते, कळत नव्हतं. टेपचं टोक घेऊन तो चालू लागला. मी विहिरीपाशी आकडे बघत होतो. सत्तर. ऐंशी. पांडुरंगा, पुढे जमीन असू दे. नव्वद.

टेप संपली आणि त्याचा पाय मांडीपर्यंत आत गेला. मी ओरडलो. तो झुडूप धरून मागे बसला.

"भावोजी, हे पाणी आहे!"

वीस फूट कमी. बरोबर शिवणीचा अर्धा इंच.

मी धावत गेलो. तो पँट पिळत म्हणाला, "शंभर वर्षांत नदी सरकली असेल. आणि अक्काला तरी खाली बघून चालायची सवय कुठे होती? लहानपणी तीनदा गटारात पडलीय. घरी सगळे तेच म्हणतायत."

"कोण सगळे?"

"अंबुजामावशी तर म्हणते, म्हातारपणी कसले हे हट्ट. तुमचं माप थोडंच चुकणार?"

तो माझ्याकडे बघत होता. डोळे लाल झालेले. माझ्या तोंडून निघालं, "चल, बस चुकेल."

घरी येऊन मी मूळ नकाशा मोजला. विहिरीपासून कड शंभर फूट. नदी सरकलेली नाही.

तुंगा माझ्या कागदावर विसंबून चालत गेली. घरचे अजून तिलाच बोल लावतात. चूक तिची नव्हती, हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही.