पुतळीनं बर्फाला मीठ लावलं

झिलूनं आयुष्यात दोनच मोठ्या गोष्टी सांगितल्या. एक अशी की, दिग्गी गावच्या वाटेवर त्याला वाघ भेटला, दोघं समोरासमोर उभे राहिले आणि शेवटी वाघ बाजूला झाला. ही थाप होती आणि ती सगळ्यांना पटली. दुसरी अशी की, क्यासलराकच्या ठेसनावर त्यानं पाण्याचा धोंडा पाहिला. ही खरी होती, आणि तिच्यापायी त्याच्या मुलीचं लग्न अडलं.

रेल्वे घाट चढून वर आली त्याला वीसेक वर्षं झाली होती. झिलूच्या वाडीला मात्र तिची फक्त शिट्टी माहीत होती, तीही वारा त्या अंगानं असला तर. पावसाळा सोडला की झिलू ठेसनावर जाऊन सागवानाचे ओंडके गाडीत चढवायचा. तिथल्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर उन्हाळ्यात मेजवानी असली की कुठून तरी लांबून, भुशात पुरलेली बर्फाची पेटी गाडीनं यायची. एकदा ती उचलायला झिलूला बोलावलं आणि खानसाम्यानं गंमत म्हणून झाकण उघडून दाखवलं. पुढच्या शिमग्याला दिग्गीत चार माणसं बसली असताना झिलूनं सांगितलं की पाण्याचा धोंडा असतो, तो डोक्यावरून नेता येतो आणि उन्हात ठेवला तर रडतो.

त्या चार माणसांत परशू होता. परशूच्या मुलाला, लाडूला, झिलूची केशर करायची, असं दोन्ही घरांत बोलणं चाललं होतं. केशरनंही लाडूला त्याच शिमग्यात पाहिलं आणि त्यानंतर दोनदा ती पाणवठ्यावर घागर विसरून आली. पुतळीनं, म्हणजे तिच्या आईनं, काही विचारलं नाही. घागर विसरणं म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं.

पण परशूचा निरोप आला. मुलगी चांगली, तिच्यात खोट नाही. मात्र आपल्यात लग्न ठरतं ते शब्दावर, आणि बापाचा शब्द असा पाण्याच्या धोंड्यावर उभा असेल तर पुढं कसं करायचं? धोंडा दाखवा, मग बोलू.

झिलूला राग आला नाही. उलट आनंद झाला. तो खानसाम्याकडं जाऊन बसला, त्याला रानातला मध दिला आणि मेजवानीनंतर उरेल तो बर्फ आपला, असं ठरवून आला. मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला यावं, असा दिग्गीला निरोप गेला.

त्या दिवशी ऊन अंगणात यायच्या सुमाराला झिलू घरी पोचला. डोक्यावर गोणपाटाचं गाठोडं आणि खांद्यापासून खाली सगळा ओला. गाठोडं उघडलं तर भुसा, भुशात ऐनाची पानं आणि पानांत तो धोंडा. तान्ह्या वासराच्या डोक्याएवढा. पुतळीनं हात लावला आणि मागं घेतला. मग पुन्हा लावला.

"भाजतंय," ती म्हणाली.

"थंड हाय त्ये," झिलू म्हणाला. "उन्हात ठेवू नको." एवढं बोलून तो पडवीत आडवा झाला आणि घोरायला लागला. रात्रभर चाललेला माणूस, त्याला कोण काय बोलणार?

जेवणाची वेळ झाली तरी पाहुण्यांचा पत्ता नव्हता. दिग्गीची माणसं बोलावलं की येतात, पण वाटेत जितकी घरं लागतात तितक्या घरांत पाणी पितात. पुतळी मधूनमधून जाऊन पानं उचलून बघत होती. आधी वासराचं डोकं होतं, मग नारळ झाला. भुसा भिजून चिखल झाला होता आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवरून एक ओघळ दाराकडं निघाला होता. असंच चाललं तर परशू येईस्तोवर सुपारी उरणार, आणि मग केशर आयुष्यभर घागरी विसरत राहणार.

ती उभी राहून विचार करायला लागली. पुतळीच्या घरात टिकवायच्या वस्तू पुष्कळ होत्या. कैऱ्या टिकवायच्या असतात, फणसाचे गरे टिकवायचे असतात, बांबूचे कोंब, मासळी, सगळं पावसाचे महिने काढेल असं ठेवायचं असतं. आणि हे सगळं एकाच गोष्टीनं टिकतं. तिला नवल वाटलं ते याचंच की साहेबाच्या माणसांना हे सुचू नये आणि त्यांनी भुसा घालावा.

तिनं मोठं मडकं घेतलं. आगोटीसाठी, म्हणजे पावसाच्या बेगमीला, भरून ठेवलेल्या मिठाची कोठी उघडली. मीठ आत मुरायचं तर फोडी हव्यात, म्हणून धोंडा मुसळानं फोडला. एक थर फोडींचा, एक थर मिठाचा, असं करत मडकं भरलं. हात आखडून काही केलं नाही. मुलीच्या लग्नाचं काम होतं.

पाहुण्यांसाठी तिनं सकाळीच भिरंडांचं सरबत केलं होतं. भिरंडं म्हणजे पिकली कोकमं, लालबुंद. रस काढून गूळ घातला होता आणि बांबूच्या बारक्या नळकांड्यांत ओतून ठेवला होता. गूळ तळाशी बसू नये म्हणून प्रत्येकात ढवळायची एक काडी. तीही नळकांडी तिनं मडक्यात खोचली. एवढं गार मडकं आहे, तर सरबतानंच काय पाप केलंय? वरून तूस, त्यावर गोणपाट, त्यावर पाटा. हात बराच वेळ दुखत राहिले, पण मन शांत झालं.

ऊन उतरल्यावर परशू आला. बरोबर त्याची म्हातारी आई, गुणा. परशू गावात शब्द द्यायचा आणि गुणा घरात तो शब्द त्याला सांगायची, हे सगळ्या दिग्गीला ठाऊक होतं. पाय धुऊन झाले, पान-सुपारी झाली, रानडुकरांनी कुणाचं काय खाल्लं ते बोलून झालं. मग परशू म्हणाला की आता धोंडा बघू.

झिलू ऐटीत आत गेला. पाटा सरकवला, गोणपाट काढलं, तूस बाजूला केलं. मडक्यात पाणी होतं. पाण्यावर पांढरे चुरे तरंगत होते, भाताच्या कण्यांएवढे.

"काय केलंस गो?" त्यानं हळूच विचारलं.

"मीठ लावलं."

"मीठ."

"न्हाईतर टिकंल कसं?"

झिलूनं विचार केला. त्यालाही दुसरा उपाय सुचला नाही.

तोवर परशू मागं येऊन उभा राहिला होता. त्यानं बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि सांगितलं की हे समुद्राचं पाणी आहे आणि ते त्यानं कारवारला बघितलं आहे. झिलू म्हणाला की सकाळी धोंडा होता.

"व्हय," परशू म्हणाला. "आन मी ल्हानपणी राजा हुतो."

केशर चुलीपाशी उभी होती, ती भिंतीकडं वळली. पुतळीला वाटलं, निदान सरबत तरी द्यावं. घरातून माणूस कोरडा जाऊ नये. तिनं एक नळकांडं बाहेर काढलं आणि वाटीत पालथं केलं. काही पडलं नाही. हलवलं, तरी नाही. तळावर थाप मारली. आता सरबतही गेलं असं समजून तिनं काडी धरून रागानं ओढली.

काडीबरोबर सगळंच बाहेर आलं. बोटाएवढ्या जाडीचं, लाल, ताठ, आणि त्यातून धूर निघत होता.

परशूनं हात पुढं केला, तसा गुणानं त्याच्या मनगटावर फटका मारला.

"ह्ये फळ यंदा कुणी खाल्लंय?" तिनं विचारलं.

"न्हाई," पुतळी म्हणाली.

"कंदी तरी खाल्लंय?"

"न्हाई."

"मग नवं. नवं फळ आदी पूर्वजांना."

नवं फळ पूर्वजांच्या आधी तोंडात घालणारं घर त्या डोंगरात नव्हतं. पूर्वजांच्या नावानं ठेवलेल्या नारळापुढं दिवा लागला, पान मांडलं आणि त्यावर ते लाल फळ, देठासकट. मग सगळे पाठ करून अंगणाकडं तोंड करून बसले, कारण जेवणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं नसतं.

गुणानं बराच वेळ लावला. तिचं म्हणणं, पूर्वज म्हातारे, वस्तू थंड, दात उरले असतील नसतील, घाई करू नये. सकाळपासून पाण्याचा धोंडा कसा जातो ते एकट्या पुतळीनं बघितलं होतं. पण देवाधर्माच्या जेवणात 'लवकर आटपा' असं कुणी कुणाला म्हणावं? ती अंगणातल्या कोंबड्या मोजत राहिली.

सगळे वळले तेव्हा पानावर काडी होती. बाकी काही नव्हतं, थोडी लाल ओल, आणि तीही शेणाच्या जमिनीत जिरत होती.

पुतळीनं डोळे मिटले. तिला वाटलं, संपलं.

परशू वाकून बराच वेळ बघत होता. मग तो सरळ झाला आणि त्याचा आवाज वेगळा आला.

"देठ ठेवला," तो म्हणाला. "फळ खाल्लं आन देठ ठेवला."

दिग्गीत त्यांच्या घरी बापजाद्यांपासून पान मांडत आले होते, पण एक शीत कधी कमी झालं नव्हतं. पूर्वज येतात, वास घेतात आणि जातात, एवढंच. इथं चक्क जेवून गेले होते. झिलू काहीतरी सांगायला निघाला. पुतळीनं त्याच्या पायावर पाय ठेवला.

मग राहिलेली नळकांडी आली. परशूनं काडी धरून ओढली, चाटली आणि डोळे मिचकावत राहिला. केशरलाही एक मिळालं, तिनं ते भिंतीकडं तोंड करूनच खाल्लं. गुणाला दात नव्हते. ती सावकाश चोखत होती आणि तिचा घास तोंडापेक्षा कोपरावरून जास्त वाहत होता. अर्धी काडी उघडी पडली तशी ती थांबली. लुगड्यावर पडलेल्या लाल थेंबाकडं तिनं पाहिलं. पानावरच्या काडीकडं पाहिलं. मग पुतळीकडं पाहिलं, चांगलं सावकाश.

पुतळी खाली बघायला लागली.

"परशू," गुणा म्हणाली, "ह्या घरात पूर्वज पोटभर जेवत्यात. पोरगी आमची."

"धोंड्याचं पण—" परशू म्हणाला.

"धोंडा तुला चुलीत घालायचाय?"

तर असं ठरलं. धोंड्याचं परशूनं अखेरपर्यंत मान्य केलं नाही. निघताना त्यानं तसं स्पष्ट सांगितलंही की झिलूच्या तोंडाचा भरवसा नाही, पण घर पवित्र आहे. गुणानं जाताना केशरच्या गालाला हात लावला. तो हात चिकट होता, तो तिनं तिथंच पुसला.

पाहुणे उतरणीला दिसेनासे झाल्यावर झिलू मडक्यापाशी जाऊन बसला. आता त्यात कणीही उरली नव्हती. लग्न ठरलेल्या मुलीच्या बापाचं असावं तसं त्याचं तोंड दिसत नव्हतं. पुतळीनं स्वतःच्या वाटणीचं नळकांडं त्याच्यासाठी ठेवलं होतं, त्याचं पुन्हा सरबत झालं होतं. ते तिनं त्याच्या हातात दिलं.

"म्हंजे मी लबाडच ऱ्हायलो," तो म्हणाला.

"मी बगितला न्हवं का धोंडा?"

"मग बोलली का न्हाईस?"

"मी बोलले असते तर पूर्वज काय जेवले, ह्येबी सांगावं लागलं असतं."

झिलूनं सरबत पिऊन टाकलं. जरा खारट लागतंय म्हणाला. मग काडी दातात धरून तो पडवीत जाऊन बसला. थोड्या वेळानं पुतळीला ऐकू आलं, तो केशरला सांगत होता की तो धोंडा खरं तर बैलाच्या डोक्याएवढा होता. केशर म्हणाली, "व्हय बाबा."