भुवयांच्या वर

केसवाल्या काकूंच्या दुकानाला पाटी नव्हती. दारं मात्र दोन होती. पुढच्या दारानं नाटकमंडळी यायची आणि राजाराणीचे टोप, दाढ्यामिशा घेऊन दंगा करत निघून जायची. मागच्या जिन्यानं बाकीची गिऱ्हाइकं यायची, ठरलेल्या वेळेला आणि एकेकटी. दोघांच्या मध्ये काकू चांगली वीस मिनिटं रिकामी ठेवायच्या, जिन्यात कुणाची कुणाशी गाठ पडायला नको म्हणून. नाव विचारायचं नाही, पत्ता विचारायचा नाही. वहीतसुद्धा माणसाची नोंद डोक्याच्या खुणेनं व्हायची: डावा भांग, आखूड कुरळे, मधला भांग, आणि एक होते ते 'खोकणारे टक्कल'.

हा सगळा कायदा काकूंच्या सासऱ्यांचा. म्हातारा कारागीर म्हणून नामी आणि जिभेचा तिखट. सुनेला त्यांनी सुई धरायला नंतर शिकवलं, आधी बघायला शिकवलं. "दुकानाबाहेर गिऱ्हाईक भेटलं तर आपण ओळख द्यायची नाही. त्यानं दिली तरच. आणि बोलताना नजर भुवयांच्या वर न्यायची नाही. विग घातलेल्या माणसाला बरोबर कळतं, समोरचा कुठं बघतोय ते."

काकूंनी तीस वर्षं हे व्रत पाळलं. दवाखान्याच्या बाकावर शेजारी गिऱ्हाईक बसलं तरी त्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहायच्या. नवरा गेला तेव्हा भेटायला आलेल्यांत चार विग होते. त्या दुःखातही काकूंची नजर वर गेली नाही. पोटच्या लेकीला कधी एका डोक्याचा पत्ता लागला नाही. काकूंना या गोष्टीचा अभिमान होता, आणि अभिमान म्हटला की तो कुठं ना कुठं तोंडघशी पाडतोच.

लेकीनं आपलं आपण जमवलं होतं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, शांत, हसरा. त्याच्या घरी रविवारी चहाला जायचं ठरलं. मुलाची आई एका शाळेत मुख्याध्यापिका, वडील निवृत्त. शिवाय मुलाची आत्या खास या भेटीसाठी येणार होती. "आई, आत्याबाईंच्या तोंडाला लागू नकोस हं," लेकीनं रस्त्यात बजावलं. "त्या बोलायला लागल्या की समोरच्याची सालपटं काढतात."

"मी कशाला बोलतेय? मी चहा पिईन आणि गप्प बसेन," काकू म्हणाल्या. आणि त्यांच्या मनात खरंच तेच होतं.

दार उघडलं ते मधल्या भांगानं.

सहा वर्षांचं गिऱ्हाईक. एका वर्षात डोक्यावरचे सगळे केस गेले होते आणि औषधांनी हात टेकले होते. पहिल्या दिवशी या बाई खुर्चीत बसून म्हणाल्या होत्या, "नवऱ्याला ठाऊक आहे. तिसऱ्या माणसाला कळलं तर मी शाळेत पाऊल टाकणार नाही." मुलगा तेव्हा शिकायला परगावी होता, त्यालाही त्यांनी सांगितलं नव्हतं. मुलीची आई विग बनवते हे कळल्यावर त्या धास्तावल्या असणारच. पण शहरात अशी चार दुकानं, तेव्हा मनाची समजूत घातली असेल. आता दोघी उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे उभ्या होत्या. क्षणभर विहीणबाईंच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. काकूंनी नजर त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "नमस्कार. तुमच्याबद्दल फार ऐकलंय."

"या ना, या," विहीणबाई म्हणाल्या, आणि दार पुरतं उघडून बाजूला झाल्या.

पहिला अर्धा तास दृष्ट लागावी असा गेला. आत्याबाई एकट्याच बोलत होत्या. कुठल्याशा लग्नात पंख्याच्या वाऱ्यानं एका बाईचा विग उडाला, तो प्रसंग त्यांनी उभं राहून, डोकं दोन्ही हातांनी धरून करून दाखवला. "तुमच्याकडचाच असेल हो!" त्या काकूंना म्हणाल्या आणि पोट धरून हसल्या. व्याही खाली बघत होते. विहीणबाई हसल्या, अगदी बेतानं. हा प्रसंग आत्याबाई घरात दर वेळी करून दाखवतात हे काकूंना त्या हसण्यावरून समजलं, आणि मुलालासुद्धा का सांगितलेलं नाही तेही समजलं.

मग केक काढायला विहीणबाई स्वयंपाकघरात गेल्या. कपबश्या आणायला आत्याबाई गेल्या, त्यांच्यामागून शिष्टाचार म्हणून काकू. इथंच घात झाला.

नकली धाग्याच्या विगाला उष्णतेचं वावडं असतं. इस्त्री नको, उकळत्या भांड्यावर वाकणं नको, आणि ओव्हनचं दार उघडताना तर समोर मुळीच उभं राहायचं नाही. एक झळ लागली की पुढच्या बटा आकसून गोळा होतात आणि ब्रह्मदेव आला तरी सरळ होत नाहीत. हे काकू प्रत्येक गिऱ्हाइकाला तीन-तीनदा सांगायच्या. विहीणबाईंकडे खऱ्या केसांचा चांगला विगही होता, पण तो सोमवारपासून काकूंच्याच दुकानात, धुऊन लाकडी डोक्यावर चढवून ठेवलेला होता. शुक्रवारी द्यायचं कबूल करून लेकीच्या कपड्यांच्या गडबडीत काकू विसरल्या होत्या. आज डोक्यावर होता तो घरात वापरायचा, नकली धाग्याचा.

विहीणबाई ओव्हनपुढं वाकल्या आणि त्यांनी दाराला हात घातला.

"अहो, वाकू नका!" काकू ओरडल्या. नुसत्या ओरडल्या असत्या तरी निभावलं असतं. त्यांनी एका हातानं विहीणबाईंना मागं ओढलं आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्यांच्या कपाळावरच्या बटांवर घट्ट दाबून धरला. दुकानात रोज धरतात तसा, सवयीनं.

ओव्हनचं दार उघडंच राहिलं. बाहेरच्या खोलीतून लेक, होणारे जावई आणि व्याही धावत आले. काकूंचा तळवा अजून तिथंच होता.

"हे काय हो?" आत्याबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे बारीक झाले. "वहिनीच्या केसांना काय होतंय? आम्ही जन्मभर ओव्हनपुढं वाकतोय, आमचा एक केस जळला नाही."

काकूंनी हात काढला.  तीस वर्षांत केलं नव्हतं ते एका क्षणात झालं होतं, आणि तेही कुणाच्या घरात! आत्याबाईंची नजर वहिनीच्या कपाळावर सरकत होती, भुवयांच्या वर, आणखी वर. आणखी दोन क्षण गेले असते तर सहा वर्षांची झाकली मूठ उघडली असती.

आणि विहीणबाई हसल्या. खळखळून, मोठ्यानं.

"अगंबाई! विहीणबाईंना जिथं तिथं विगच दिसतात की काय? माझ्याही डोक्यावर दिसला त्यांना!"

आत्याबाई हसत सुटल्या. "अहो, मग माझेही बघा ना!" म्हणत त्यांनी आपली वेणी काकूंच्या हातात दिली. "ओढा, ओढा! खरे आहेत!" जावई हसू दाबत होते. व्याही मात्र हसले नाहीत. ते पुढं होऊन ओव्हनचं दार लावायला लागले.

काकूंनी विहीणबाईंकडे बघितलं. त्या डोळ्यांत हसू नव्हतं, नुसती विनवणी होती.

"चुकलंच माझं," काकू म्हणाल्या. "धंद्याची खोड. काय सांगायचं, परवा दूधवाल्याचेही केस ओढून बघितले मी." सगळे आणखी हसले. काकूही हसल्या. हातातली आत्याबाईंची वेणी त्यांना कुठं ठेवावी कळत नव्हतं. एकटी लेक तेवढी हसली नाही. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि ती जमिनीकडे बघत होती.

घरी जाताना अर्ध्या रस्त्यात लेक थांबली. मग म्हणाली, "त्यांच्या कपाळाला हात लावलास तू. पहिल्या भेटीत. माझ्या सासूच्या."

"हो गं."

"का पण? काही कारण तर असेल?"

कारण काकूंच्या ओठांवर होतं. सांगितलं असतं तर लेक तिथल्या तिथं त्यांच्या गळ्यात पडली असती. पण विश्वासानं डोकं हातात दिलेल्या बाईचा केसानं गळा कापायचा, तोही स्वतःची लाज राखायला? "काही नाही. सवय," काकू म्हणाल्या.

"लोकांची डोकी बघायची सवय!" लेक म्हणाली आणि पुढं चालू लागली. काकू तिच्यामागून चालत राहिल्या. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

मंगळवारी मधला भांग मागच्या जिन्यानं वर आला. काकू काही बोलायच्या आत विहीणबाई म्हणाल्या, "मला दुसरं काही सुचलं नाही हो. मी तुमच्यावर ढकललं."

"चूक माझीच होती. बरं केलंत."

"आत्या चार दिवस हसतील आणि विसरतील."

आत्याबाई कसल्या विसरतायत! त्यांना पंख्याच्या प्रसंगाला जोड मिळाली होती. लग्नाच्या हॉलच्या दारातच त्यांनी काकूंना गाठलं आणि दहा माणसांत डोकं पुढं केलं, "तपासून घ्या, मगच आत सोडा!" लोक हसले. काकूंनी तपासल्यासारखं केलं. विहीणबाई सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसल्या, आणि नवरी तोंड फिरवून उभी राहिली. पुढं कुणाच्या वाढदिवसाला तेच, कुणाच्या घरभरणीला तेच. 'डोकी चाचपणारी विहीण' हे नाव पडलं ते पडलंच. काकू दर वेळी हसायच्या आणि घरी येऊन तोंडावर पाणी मारत बराच वेळ उभ्या राहायच्या. लेकीचं येणं हळूहळू कमी झालं, फोनही आठवड्यावरून पंधरवड्यावर गेला.

वर्ष झालं. विहीणबाई शाळेतून निवृत्त व्हायच्या होत्या. शनिवारी घरी मोठं जेवण होतं आणि त्यासाठी त्यांनी नवा विग सांगितला होता, पहिल्यांदाच दोनचार पांढरे केस मिसळलेला. मंगळवारी दुपारी त्या खुर्चीत बसल्या होत्या. जुना विग बाजूला काढून ठेवलेला, डोकं उघडं. काकू कानामागची पट्टी चिकटवत होत्या आणि त्यांची बोटं गोंदानं बरबटली होती.

फोन वाजला. लेकीचा. काकूंनी घाईघाईनं बोटाच्या पेरानं स्पीकरचं बटण दाबलं, आणि लेकीचा आवाज खोलीभर झाला.

"आई, शनिवारचं सांगायचं होतं." ती थांबली. "तू नाही आलीस तरी चालेल."

विहीणबाईंनी आरशात वर बघितलं.

"आत्याबाई येणार आहेत. परत तेच सगळं होणार. सासूबाईंच्या शाळेतले सगळे लोक असतील. मला नाही गं सहन होत. ते हसतात आणि तूही त्यांच्यात हसतेस. मला तुझी लाज वाटते आई. आणि मग आईची लाज वाटते म्हणून माझी मलाच वाटते."

"बरं," काकू म्हणाल्या. "नाही येत. बरं नाही म्हणून सांग."

तेवढ्यात विहीणबाईंनी हात पुढं केला. फोनसाठी.

आरशात त्यांचा चेहरा मानेपासून लाल झाला होता. सासऱ्यांच्या कायद्यात याचं उत्तर सरळ होतं: गिऱ्हाईक भरात येऊन काही करायला निघालं तर आपण त्याला सांभाळायचं. लाल बटण दाबायचं आणि म्हणायचं, राहू द्या, बाई. काकूंचं बोट बटणावर गेलंही. पण ते दाबलं गेलं नाही. त्यांनी गोंदाळलेल्या हातानं फोन विहीणबाईंच्या हातात ठेवला.

"मी बोलतेय," विहीणबाई म्हणाल्या. शाळेतला करारी आवाज, पण मध्येच तुटला. "घरातून नाही, तुझ्या आईच्या दुकानातून. खुर्चीत बसलेय. माझ्या डोक्यावर एक केस नाहीये गं, गेली सात वर्षं. त्या दिवशी तुझ्या आईनं हात लावला तो विग वाचवायला. आणि मी तिचा बळी दिला. वर्षभर देत आलेय."

 पलीकडून एक हुंदका आला, आणि मागोमाग लेक लहानपणी रडायची तशी रडायला लागली. "आई आहे का तिथं? आईला द्या ना."

काकू आरशाकडे पाठ करून उभ्या होत्या. त्यांच्यानं वळवेना. दुसऱ्याचं गुपित आज त्यांनी स्वतःसाठी खर्ची पडू दिलं होतं. मागं ती बाई उघड्या डोक्यानं बसली होती, आणि लेकीचं ते रडणं काकूंना इतकं गोड लागत होतं, की वर्षभरात कधी वाटली नव्हती एवढी लाज त्यांना आत्ता वाटली.