इंदूरचं स्पेलिंग

देवेंद्र भाऊजींना एकदा तरी मंचावर उभं करून, माइक हातात देऊन, रघुवीरचं नाव घ्यायला लावायचं, एवढी एकच इच्छा प्रमोदिनीच्या पोटात उरली होती. रघुवीर, तिचा नवरा, जाऊन वर्ष झालं. लोक म्हणायचे, वहिनी बऱ्या सावरल्या. सावरल्या कसल्या, चांगल्या पेटल्या होत्या; फक्त धूर कोणाला दिसत नव्हता.

रघुवीरला बँकेतून रिटायर व्हायच्या आधीच कंपवाताने धरलं. हात थरथरायला लागले, पेटी वाजवणं सुटलं. मग त्याने हे कुठूनसं शोधून काढलं. मेंदूच्या आजारांवर काम करणारे शास्त्रज्ञ एक अवाढव्य गणित घेतात, त्याचे बारीक तुकडे करतात आणि जगभरच्या घरांतल्या कंप्यूटरांना वाटतात. आपला कंप्यूटर रिकामा बसला असेल तेव्हा त्याने एक तुकडा सोडवायचा आणि उत्तर परत पाठवायचं. दमडी मिळत नाही. गुण मिळतात, ते आपल्या टीमच्या नावावर चढतात, बस. रघुवीरने जेल रोडच्या बाजारातून जुने कंप्यूटर आणले आणि टीम काढली, 'इंदूर मराठी'. इंग्रजीत आय-एन-डी-यू-आर. डोकं त्याचं, पण स्क्रू पिळायला पेचकस धरणारे हात प्रमोदिनीचे. म्हणून ती शिकली.

एकदा मराठी मंडळाच्या सभेत रघुवीर मोठ्या हौसेने हे सांगायला उभा राहिला. देवेंद्र त्याचा सख्खा चुलतभाऊ आणि मंडळाचा सचिव. त्याने मध्येच तोडलं. म्हणाला, "दादा, हे तुमचं स्पेलिंग वाचलं की उंदीर वाटतो. दुनिया इंडोर म्हणते, तुम्ही कुठल्या बिळात राहून राहिले?" हॉल खो खो हसला. रघुवीरला उत्तर द्यायचं होतं, पण त्या आजारात शब्दसुद्धा उशिरा येतात. ते येईपर्यंत देवेंद्रने पुढचा विषय घेतला होता. रघुवीर खाली बसला, घरी येऊन जेवला नाही, आणि मंडळात परत गेला नाही.

आणि तो गेल्यावर काय व्हावं? याच देवेंद्रने जाहीर केलं की त्याच्या मनात एक अभिनव कल्पना आली आहे. अख्ख्या समाजाने घरचे कंप्यूटर संशोधनाला लावायचे, टीमचं नाव 'इंडोर मराठी', शेवटी ओ-आर-ई, आणि वार्षिकोत्सवात मोठ्या डॉक्टरांसमोर पडद्यावर आकडे दाखवायचे. टीम त्याच्या भाच्याने, निशांतने, बंगळूरला जाता जाता काढून दिली होती. बॅनरवर फोटो कोणाचा, हे सांगायला नको. वर फोन केला, "वहिनी, तुम्हाला त्यातलं समजतं. घरोघरी जाऊन जरा चालू करून द्या ना. मी यादी पाठवतो."

निर्लज्जपणाला काही सीमा? पण प्रमोदिनी हो म्हणाली. हार कोणीही घालून घेवो, आजार तोच होता ज्याने तिच्या माणसाला हलवून हलवून नेलं. रिकामा बसलेला कंप्यूटर तिला बघवत नसे.

पहिलं घर रामबागेतल्या भानुमती काकूंचं. काकूंनी नातवाचा चपटा, चकचकीत लॅपटॉप पुढे केला. प्रमोदिनीने तो बाजूला सारला. म्हणाली, हा दिसायला छान आहे, पण दिवसभर राबवला तर मे महिन्यात पापड भाजाल याच्यावर. तिने पलंगाखालचा जुना, मोठा डबा काढला, धूळ फुंकली, आतला पंखा फिरतो का पाहिलं, भिंतीपासून हातभर पुढे ठेवला. गच्चीवर सोलर आहे म्हणून दिवसाच चालवायचा, असं ठरवून दिलं. मग टीमचं नाव टाकायची वेळ आली. तिचे हात धुळीने भरलेले, म्हणून तिने काकूंनाच टाकायला सांगितलं. काकूंनी एका बोटाने, जन्मभर तोंडात असलेलं गावाचं नाव टाकलं. आय, एन, डी, यू, आर. मराठी. पडद्यावर टीम आली, काकूंनी बटण दाबलं.

प्रमोदिनीने हात पुसले आणि पाहिलं. रघुवीरची टीम. चूक दुरुस्त करायला तिचा हात पुढे गेलासुद्धा. मग तो हात चहाच्या कपाकडे वळला. पोहे पण खाल्ले तिने, वरून शेव मागून घेतली.

तिथून पुढे तिने रीतच पाडली. कंप्यूटर ती निवडायची, नाव घरच्यांनी टाकायचं. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, थेट महूपर्यंत गेली. घरात दिवसभर हिंदी बोलणारी माणसं, मुलांना 'चमचा दे' म्हणायचं तर 'चम्मच दे' म्हणणारी, पण मराठी मंडळाचं काम म्हटलं की बोटं आपोआप यू-आरवर जायची. एकाच ठिकाणी गाडी अडली. कॉलेजात शिकणाऱ्या ईशाने सरळ ओ-आर-ई टाकलं. पोरीने बरोबरच टाकलं होतं. प्रमोदिनी म्हणाली, "आपण घरी काय म्हणतो गं गावाला?" ईशा म्हणाली, "इंदूर." आणि खोडून पुन्हा टाकलं. इथे मात्र प्रमोदिनीने मुद्दाम हात घातला, उगाच खोटं कशाला बोला. घरी जाताना तिला थोडी लाज वाटली, आणि लाजेच्या दुप्पट मजा आली.

देवेंद्र फोन करून विचारायचा, घरं झाली का? ती सांगायची, झाली. कोणती टीम, हे त्याने कधी विचारलंच नाही. स्वतः उघडून बघायचा त्याचा स्वभाव नव्हता. कामं दुसऱ्यांनी करायची, सत्कार याने घ्यायचा. त्याच्या घरी मात्र ती गेली नाही. तिथे निशांतनेच सगळं लावून दिलं होतं.

वार्षिकोत्सवाला हॉल भरला. पाहुणे डॉक्टर आले, शाल-श्रीफळ झालं. देवेंद्रने माइक घेतला आणि आपल्या कल्पनेवर चांगलं लांबलचक भाषण ठोकलं. रघुवीरचा र सुद्धा नाही. मग ईशाला सांगितलं, पडद्यावर टीम उघड. तिने उघडली. इंडोर मराठी, सदस्य एक. त्या एकाचं नाव देवेंद्र.

हॉलमध्ये कोणी खोकलं. देवेंद्र हसून म्हणाला, साइट खराब झाली असेल, नेट स्लो चालून राहिलं आहे. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून भानुमती काकू म्हणाल्या, "अरे भिया, इंदूर टाक ना. आम्ही तर इंदूरच टाकलं होतं." मागून दहा जण हौ-हौ करायला लागले. ईशाने नाव बदललं, आणि पडदा नावांनी भरून गेला. लोक उठून उठून आपापलं नाव शोधायला लागले. सगळ्यात वर, संस्थापक म्हणून, रघुवीर.

डॉक्टर चष्मा सावरून वाचत होते. त्यांना खरंच कौतुक वाटलं होतं. त्यांनी देवेंद्रला विचारलं, "हे रघुवीरजी कोण? बोलवा ना त्यांना वर."

माइक देवेंद्रच्या हातात होता. प्रमोदिनी पहिल्या रांगेत, पदर सारखा करून, त्याच्याकडे एकटक बघत बसली. तो इकडे तिकडे बघत राहिला. शब्द येईना. आणि या वेळी कोणीही पुढचा विषय घेतला नाही.

"माझे मोठे बंधू," तो शेवटी म्हणाला. "आता नाहीत. हे... हे त्यांनीच सुरू केलं होतं."

टाळ्या पडल्या. प्रमोदिनीला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. तिला बरं वाटलं, अगदी पोटातून बरं वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर देवेंद्रने तिला जिन्यापाशी गाठलं. चेहरा उतरलेला. म्हणाला, वहिनी, तुम्हाला सगळं माहीत होतं. ती म्हणाली, पहिल्या घरापासून. तो म्हणाला, सगळ्यांना आपल्या 'इंडोर' टीममध्ये वळवता येईल ना? तिने शांतपणे समजावून दिलं की माणसं येतील वाटलं तर, पण झालेलं काम जिथे झालं तिथेच राहतं, गुण हलत नाहीत. त्याच्या हातात कोणीतरी दिलेला गुच्छ होता, तो त्याने उगाच या हातातून त्या हातात घेतला.

"भाऊजी," प्रमोदिनी म्हणाली, "समाजात आता तुमचं एकच घर राहिलंय यांच्या टीममध्ये यायचं. उद्या येऊन करून देऊ?"

देवेंद्र जिना उतरायला लागला.

"चारनंतर या," तो म्हणाला.