उमाशंकर ब्रदरची भरती

उदगीरच्या एका खासगी दवाखान्यात उमाशंकर बारा वर्षांपासून ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, होता. वय छत्तीस, आणि पोट वयाच्या दोन पावलं पुढे. तीन हाका मारल्याशिवाय न उठणारा हा माणूस एका सोमवारी पहाटे पाचला आपणहून उठला, जुने बूट चढवून बाहेर पडला आणि तासाभरानं लालेलाल होऊन परतला. त्याच्या बायकोनं, मंजुश्रीनं, कणीक मळता मळता विचारलं, "कुठं गेलता?"

"फिरायला. शुगर जराशी वाढलीय."

हे सांगताना त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. मंजुश्री काय समजायचं ते समजली. पण नवऱ्याचं खोटं लगेच उघडं पाडण्यापेक्षा ते कुठवर जातं हे बघण्यात तिला जास्त मजा वाटायची.

ते गल्लीभर गेलं. मंजुश्रीच्या सासूनं, बसम्मानं, त्याच दिवसापासून कारल्याचा रस सुरू केला. शेजारची सिद्धम्मा मेथीदाण्याची पुडी घेऊन आली. चहातली साखर गेली, ताटातला भात गेला. सासऱ्यांच्या, म्हणजे गुरुपादप्पांच्या किराणा दुकानात गिऱ्हाइकं हळू आवाजात विचारू लागली, "पोराचं कसं हाय?" उमाशंकर दहा दिवस सगळं मुकाट गिळत राहिला. मंजुश्री रोज रसाचा पेला हातात देऊन तो संपेपर्यंत समोर उभी राहायची.

अकराव्या दिवशी बसव जयंती आली. घरात गूळ-गव्हाची हुग्गी शिजली, वर तुपाची धार पडली. सगळ्यांच्या ताटात हुग्गी आणि उमाशंकरच्या ताटात भाकरी नि कारल्याची भाजी.

तो ताटाकडं बघत बसला आणि एकदम ओरडला, "अव्वा, मला शुगर न्हाई! वाढ हुग्गी!"

"मग रोज पळायलास कशाला?" बसम्मा पळी धरून उभी.

"मिलिटरीत जायचंय म्हणून!"

गुरुपादप्पांनी घास खाली ठेवला. "कोणती मिलिटरी? पोटवाल्यांची येगळी काढली का सरकारनं?"

उमाशंकरनं मग सगळं सांगितलं. टेरिटोरियल आर्मी. दवाखान्यातली नोकरी सुटणार नव्हती. वर्षातून काही दिवस ट्रेनिंग, आणि गरज पडली की बोलावणं. बेचाळिशीपर्यंत घेतात. नांदेडला भरती होती आणि त्यानं नर्सिंग असिस्टंट म्हणून फॉर्म भरला होता. जखमी सैनिकावर जागच्या जागी इलाज करायचा आणि त्याला उचलून मागं आणायचं.

"अप्पा, दिवाळीत नांदेडहून येताना टेम्पो उलटलेला बघितला, ते सांगितलं होतं ना? एकाच्या मांडीतून रगत जायलं होतं. मी बसमधून उतरलो, टॉवेल बांधला आन् गाडी येईस्तोवर दाबून धरलं. जगला तो माणूस. दवाखान्यात माझ्यापर्यंत येईस्तोवर माणसाला लई उशीर झालेला असतो. त्या दिवशी मी येळेवर होतो."

"आन् लढाई लागली तर?" बसम्मानं विचारलं.

उमाशंकर भाकरीचा तुकडा मोडत राहिला. शेवटी मंजुश्रीच बोलली. "फॉर्म भरताना मला सांगावं वाटलं न्हाई?"

"तू नको म्हणली असतीस."

"हाव, म्हणले असते. आपण दोन दिवस भांडलो असतो आन् तुम्ही गेला असता. दहा दिवसांचा रस तरी वाचला असता."

उमाशंकरनं ताट पुढं सरकवलं. बसम्मानं त्याच्या ताटात हुग्गी वाढली, पण नेहमीपेक्षा कमी.

गुरुपादप्पा मात्र अडून बसले. "सैनिक उचलणार म्हणे हा! आधी मला उचलून दाखव. मारुतीच्या देवळापर्यंत नेलंस तर जा नांदेडला."

गुरुपादप्पांचं वजन चौऱ्याऐंशी किलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उमाशंकर त्यांच्यापुढं गुडघ्यावर बसला, त्यांचा हात मानेभोवती घेतला, "हं" केलं आणि बापाला खांद्यावर आडवं घेऊन उभा राहिला. मंजुश्री सासऱ्यांच्या चपला हातात घेऊन मागं निघाली.

पहिली ओरडली सिद्धम्मा. "अय्यो, गुरुपादप्पा गेले गं!" मग समोरच्या शिंप्यानं शटर ओढलं. कुणी रिक्षा आणायला धावलं, कुणी बसम्माला धरायला. उलटे लटकलेले गुरुपादप्पा ओरडत होते, "अरे, जिता हाय मी!" पण त्या गलक्यात कुणाला ऐकू येणार! दोघा-तिघांनी त्यांचे पाय धरून त्यांना रिक्षात कोंबायला सुरुवात केली.

"हात लावायचा न्हाई!" गुरुपादप्पा गरजले. "माझ्या पोराला नेऊ द्या! देऊळ आलंय!"

उमाशंकरनं देवळाच्या पायरीवर त्यांना हळूच ठेवलं, आधी डोकं सांभाळून, मग पाठ. गुरुपादप्पांनी धोतर सारखं केलं, चष्मा पुसला. जमलेल्यांकडं बघून म्हणाले, "नांदेडला चाललाय. मिलिटरीत."

त्यानंतर मंजुश्रीनं भरतीची तयारी आपल्या हातात घेतली. रोज पहाटे उमाशंकर पुढं पळायचा आणि ती मागून स्कूटी घेऊन हॉर्न वाजवायची. तो थांबला की ती लांबलचक हॉर्न द्यायची. शिवणकामाच्या मांजरपाटातून तिनं तिकोनी पट्ट्या शिवल्या. तो त्या सगळ्यांना बांधत सुटला. एकदा तर बसम्मा हात गळ्यात बांधून बाजारात गेली. पट्टी मऊ होती आणि बाजारात लोक आपुलकीनं चौकशी करत होते, एवढंच त्याचं कारण.

नांदेडच्या मैदानावर वीस-बावीस वर्षांच्या पोरांची गर्दी होती. किनवटकडच्या एका काटक पोरानं उमाशंकरला आदरानं विचारलं, "काका, पोराला सोडायला आलात का?"

जाळीबाहेर उभी असलेली मंजुश्री पदर तोंडाला लावून हसली. सोळाशे मीटरच्या चौथ्या फेरीत मात्र तिला हसू येईना. उमाशंकरचं तोंड जांभळं पडलं होतं. मैदानात हॉर्न नव्हता, म्हणून ती जाळी धरून ओरडली, "पळा हो! पळा की!" तो शेवटून तिसरा आला. वेळ संपायला चार सेकंद बाकी होते.

त्यानंतर मैदानातच नर्सिंगवाल्यांच्या कामाची परीक्षा झाली. एका माणसाला गवतावर झोपवलं. हवालदारानं सांगितलं, मांडीतून रक्त चाललंय. उमाशंकर त्याच्याजवळ गेला आणि मंजुश्रीला तो वेगळाच दिसायला लागला. घरात याला स्वतःचं बनियन सापडत नव्हतं. इथं त्याचे हात न अडखळता चालले होते. दाबलं, बांधलं, नाडी बघितली. आणि सगळा वेळ तो त्या खोट्या जखमीशी बोलत होता, "घाबरू नको, मी हाय. नाव काय तुझं? गाव कोणतं?" वेळ मोजणारा हवालदार घड्याळाकडं बघायचं विसरला. मघाचं काटक पोर पुढं सरकून नीट बघू लागलं.

बारा वर्षांत मंजुश्रीनं नवऱ्याला काम करताना कधी बघितलंच नव्हतं. तिला वाटलं, रोज हा माणूस डबा घेऊन जातो तो हे असं करायला तर.

यादीत नाव लागलं. पावसाळा सरता सरता तो ट्रेनिंगला गेला. पहिल्या आठवड्यात फोन आला, तेव्हा आवाज पडलेला होता.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"जखमी उचलायचा सराव हाय रोज. सगळ्यात जड मीच. म्हणून जखमी मलाच करायलेत. दिवसभर लोकांच्या खांद्यावर हाय."

मंजुश्री इतकी हसली की बसम्मा बाहेर आली. तिला ऐकवलं, तीही हसली. गुरुपादप्पांनी दुकानात ते चार गिऱ्हाइकांना सांगितलं आणि वर "वजनदार माणूस हाय" अशी जोड दिली.

हसणं ओसरल्यावर फोन हातात धरून मंजुश्री ओट्यावर बसली. "आन् खरंच बोलावलं तर?"

पलीकडं वारा वाजत होता. "तर जाईन, मंजू."

मंजुश्रीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग तिनं विचारलं, "तिकडं वर बॉर्डरला थंडी लई असती म्हणं?"

"असती की."

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली आणि हिरव्या लोकरीचे सहा गुंडे घेऊन आली. स्वेटर विणायला तिला येत नव्हतं. सिद्धम्माला येत होतं. दुपारी जेवणं झाल्यावर मंजुश्री विणायच्या सुया घेऊन तिच्या ओसरीवर जाऊन बसली.